मागे

सरोवर यंदा आणखी उतरलंय.
काठच्या दगडांवर पांढऱ्या रेघा,
एकेका उन्हाळ्याची एकेक.
कुणी हिशेब मांडता मांडता उठून गेल्यासारख्या.

पहाटे चारला गत्तास जाळं ओढतो.
साठी उलटलीय, उजवा खांदा कुरकुरतो.
वर येते ती मुश्त. पाठीवर काट्यांची रांग, म्हणून मुश्त,
म्हणजे फणी, तो सांगतो.
सोबत बोटभर लांबीची चंदेरी मासळी
आणि कुणा प्रवाशाची एक चप्पल.
मी विचारतो, "हीच का ती जागा?"
"असेल. काठ सरकत राहतो.
त्यानं काय इथं खुंटी ठोकून ठेवलीय?"

उजाडल्यावर यात्रेकरूंची लाकडी होडी जवळून जाते.
कर्ण्यातून वाटाड्याचा आवाज:
ते लगेच जाळी टाकून त्याच्यामागे गेले.
होडीतले लोक डोळे मिटतात.

"लगेच!" गत्तास हसतो.
"लगेच म्हणजे ओली जाळी, बाबा.
ती धुतली कुणी? वाळत कुणी घातली?
त्या दिवशीचे मासे बाजारात कुणी नेले?
आणि रात्री दोन पोरांच्या भाकऱ्या उरल्या,
त्यांच्याकडे बघत कोण बसलं?"

मग बराच वेळ नुसतं वल्हं बोलतं.

त्याची मुलगी रजा.
त्याच्या भाषेत रजा म्हणजे आशा.
माझ्या भाषेत काय, ते मी त्याला सांगत नाही.
नासरेथच्या इस्पितळात सुईण, पक्की नोकरी,
सुट्टीच्या दिवशी ह्याच होडीत, ह्याच फळीवर
जाळ्याची भोकं सांधत बसायची.
मागल्या मार्गशीर्षासारख्या थंड सकाळी
(महिना माझा; तो नुसतं 'थंडी होती' म्हणाला)
फोन वाजला. कुणी मैत्रीण.
चाडच्या सीमेवर, तंबूंच्या दवाखान्यात
बाळंतिणी आहेत आणि हात नाहीत.
बस्स, एवढंच.
आभाळ फाटलं नाही. पाण्यावरून कुणी चालत आलं नाही.
तिनं सुई जाळ्यात खोवली
आणि म्हणाली, "बाबा, जाऊ?"

"चोवीस वर्षं मी हाक मारत होतो तिला.
जेवायला, झोपायला, जाळं धरायला.
ती 'आले' म्हणायची आणि तासाभरानं यायची.
ह्या हाकेला मात्र
चपलासुद्धा नीट घातल्या नाहीत."

तो रागावला होता. चार महिने देवळात गेला नाही.
पाचव्या महिन्यात गेला, तर नेमकं तेच वाचन.
खडकासारखा बसून राहिला.
आणि त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं ते,
जे आयुष्यभर कानावरून गेलं होतं:
पोरं गेली, बाप होडीत राहिला,
मजुरांबरोबर.
"मजुरांबरोबर! कळलं?
लिहिणाऱ्याला घाई होती, तरी त्यानं तेवढं लिहिलं.
म्हातारा एकटा नव्हता.
कुणीतरी दुसरं टोक धरलं होतं."

दुसऱ्याच दिवशी त्यानं शेजारचा फवाज कामाला ठेवला.
मुसलमान पोर, बोलणं कमी, भूक मोठी.
फवाज आता होडीच्या टोकाशी बसून
दातांनी दोरा तोडतो आहे.

"माझ्या मागे ये, असं त्यांना म्हटलं गेलं,"
गत्तास जाळ्याची घडी घालतो.
"आणि मला, तू मागे राहा.
शब्द एकच. जड कुठला, ते मला विचारू नकोस."

ऊन चढतं. पेटीतला बर्फ पाणी सोडतो.
खिशातला फोन वाजतो; मासळीच्या हातांनी उचलताना निसटतो.
तिकडून वारा, बाळाचं रडणं,
मग तिचा आवाज, तुटक:
बाबा, सुई सापडली का?
मी गाठ अर्धी सोडली होती.

गत्तास फवाजकडे पाहतो. फवाज दुसरीकडे.
गाठ केव्हाच बांधून झाली आहे,
जरा वाकडी, पण धरते.

"नाही," तो म्हणतो,
"तशीच आहे. आलीस की बांध."